पंधरा मीटर अलीकडे

चाकण म्हटलं की पूर्वी कांद्या-बटाट्याचा बाजार डोळ्यांसमोर यायचा. इतिहासाची आवड असलेल्यांना संग्रामदुर्ग आठवायचा; १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेला तिथे ५६ दिवस झुंजवत ठेवलं होतं. आता चाकण म्हणजे मोटारी. ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि २०१० मध्ये याच पोलो गाडीवर बेतलेल्या शर्यती देशात सुरू झाल्या. बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून २०११ पासून केटीएमच्या मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. आठवडाभर यंत्राच्या संगतीत राहणाऱ्या पोरांना एखाद्या रविवारी वाटतं, आपण बनवतो ती गाडी खरोखर पळते तरी किती, ते बघावं. त्यातले काही रात्री नाशिक रस्त्यावर ते बघायला जातात. त्यांच्याविषयी मला काही सांगायचं नाही, ते पोलिसांनी सांगावं. काही जण मात्र पैसे साठवून, रजा टाकून, ट्रॅकवर जातात. आजचं बोलणं त्यांच्यातल्या अशा माणसाविषयी, जो ट्रॅकवर जबर जखमी झाला आणि तरी पुन्हा तिथे गेला.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए. गाडी चालवतो ती भोसरी ते चिंचवड, आणि चौथा गिअर टाकायची वेळ फारशी येत नाही. पण माझा भाचा, थोरल्या आपाचा मुलगा, चाकणमध्ये मेंटेनन्सला आहे आणि त्याला हे वेड आहे. त्याच्यामुळे गेल्या काही वर्षांत मला ब्रेक, मणके आणि माणसाची भीती या तीन गोष्टींची बरीच माहिती झाली.

ट्रॅक म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना नाशिक फाट्याजवळचा आयडीटीआरचा ट्रॅक आठवतो. पक्क्या लायसन्ससाठी घाम फोडणारा तो आठाचा आकडा! शर्यतीचा ट्रॅक वेगळा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला एक आहे, कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. अलीकडे आपल्याजवळ तळेगावच्या बाजूला नाणोलीतही ट्रॅक झाला आहे. हौशी लोकांसाठी तिथे ‘ट्रॅक डे’ असतो. त्यात नंबर नसतो, बक्षीस नसतं. फी भरायची, आपली गाडी न्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये फेऱ्या मारायच्या. सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, मध्येच म्हैस येत नाही, उलट्या बाजूने रिक्षा येत नाही. वळणाच्या बाहेर खडी किंवा माती पसरलेली, तिच्या पलीकडे जुन्या टायरांची भिंत. मार्शलने पिवळा झेंडा दाखवला की पुढे काहीतरी गडबड आहे, लाल दाखवला की पाळी थांबली. रुग्णवाहिका उभी असते. तळेगाव-चाकण रस्त्यावर यातलं काय असतं, ते रोज तिथून जाणाऱ्यांनीच ठरवावं.

तरीही अपघात होतो. भाच्याचा झाला तो जानेवारी २०२२ मध्ये, दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, आणि त्याला ट्रॅक जबाबदार नव्हता. कारण होतं ब्रेक ऑइल. हे जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण ते प्रत्येक गाडीत असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. आपण पेडल दाबतो तो जोर नळीतल्या या द्रवातून चाकापर्यंत जातो. द्रव दाबला जात नाही, म्हणून जोर पोचतो. पण हे ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं ऑइल दीडशेच्या आसपासही उकळू शकतं. रोजच्या रस्त्यावर ब्रेक इतके तापत नाहीत. ट्रॅकवर दर वळणाला जोराचा ब्रेक, फेरीमागून फेरी. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दाबली जाते. पेडल स्पंजासारखं होतं आणि मग थेट फ्लोअरला टेकतं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, उजव्या वळणाआधी, भाच्याचं पेडल असं खाली गेलं. ऑइल दोन पावसाळे जुनं होतं. मेंटेनन्सच्या माणसाचं! आपा अजून त्यावरून त्याला बोलते.

गिअर उतरवून, खडीत घुसून, वेग बराच कमी झाला, तरी ताशी साठच्या सुमाराला गाडी टायरांना लागली. साठ म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. हिशेब बघा. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. एवढा वेग अर्ध्या मीटरच्या अंतरात शून्यावर आला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या २८ पट ताण येतो. सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी पट्ट्याला दोन टनांच्या जोराने ओढतो. हेच थांबणं एका मीटरवर पसरलं तर ताण निम्मा होतो. टायरांची भिंत, गाडीचं चेपणारं नाक, ताणला जाणारा पट्टा, ही सगळी यंत्रणा त्या एका जास्तीच्या अर्ध्या मीटरसाठी असते. आणि वेग दुप्पट झाला की उर्जा चौपट होते. आपल्याकडे भारत एनकॅपचे तारे मिळू लागले आहेत. त्या चाचणीत समोरून धडक देतात ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने. पाच तारे म्हणजे १२०ला काही होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही, हे गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

दोन मणके दबले, उजव्या नडगीचं हाड मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि डोक्याला मुका मार. हाडांचं एक बरं असतं, एक्स-रेमध्ये दिसतात. डॉक्टरांना सगळ्यात जास्त काळजी होती ती डोक्याची. मेंदू हादरलेला असताना आणखी एक हलका धक्कासुद्धा फार महाग पडू शकतो. म्हणून डोकेदुखी, उजेडाचा त्रास, विसरभोळेपणा पूर्ण थांबेपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

पायाचं वेगळंच गणित. चालता यायला लागलं म्हणजे ब्रेक मारता येतो, असा घरच्यांचा समज असतो. चालताना आपण पाय सावकाश टेकवतो. संकटात ब्रेक मारताना तो डोक्यात विचार येण्याआधी आणि पूर्ण जोराने जावा लागतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक साधा वजनकाटा भिंतीला टेकवून उभा केला आणि खुर्चीत बसून उजव्या पायाने तो दाबायला लावला. पहिल्या दिवशी काटा अकरा किलोवर थांबला. पुढे पंचवीस, मग चाळीस. बाई मध्येच टाळी वाजवायच्या आणि टाळीसरशी दाबायचं. मी शेजारी बसून आकडे वहीत लिहायचो. आयुष्यात मात्रा मोजल्या, किलो पहिल्यांदाच मोजले.

याच काळात भाचा मोबाइलवर जुन्या चालकांच्या कहाण्या बघत बसायचा, आणि मलाही दाखवायचा. निकी लाउडाची कहाणी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर त्याची गाडी पेटली. चेहरा भाजला, विषारी धुराने फुप्फुसं जळली, रुग्णालयात धर्मगुरूने अंत्यविधीची प्रार्थनाही म्हटली. आणि १२ सप्टेंबरला, बेचाळीस दिवसांनी, तो इटलीत मोन्झाच्या शर्यतीत उतरून चौथा आला. ही गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. मोन्झाला सरावाच्या पहिल्या दिवशी आपण भीतीने गारठलो होतो, असं त्याने नंतर स्वतःच लिहिलं. तेव्हा चारचौघांत मात्र तसं काही दाखवलं नव्हतं. आणि २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजीच्या शेवटच्या शर्यतीत धो धो पाऊस होता, तेव्हा दोन फेऱ्यांनंतर तो गाडी पिटमध्ये आणून खाली उतरला. जगज्जेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेलं. पुढे १९७७ आणि १९८४ मध्ये लाउडा पुन्हा जगज्जेता झाला, तो भाग वेगळा. पण उतरण्याइतकं मोकळं मन शाबूत असल्याशिवाय परत चढण्यात अर्थ नाही, हे मी भाच्याला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, “मामू, मला कुठलं जगज्जेतेपद सोडायचंय? माझी तर फीसुद्धा परत मिळत नाही.”

आलेस्सांद्रो झानार्दी या इटालियन चालकाचे दोन्ही पाय १५ सप्टेंबर २००१ रोजी जर्मनीतल्या लाउझित्सरिंगवर गेले. शर्यतीच्या तेरा फेऱ्या तेव्हा उरल्या होत्या. २००३ मध्ये त्याच ट्रॅकवर, हाताने चालवायची गाडी घेऊन, त्याने त्या तेरा फेऱ्या पुऱ्या केल्या. बिली मॉन्गर हा इंग्रज मुलगा २०१७ मध्ये सतरा वर्षांचा असताना डॉनिंग्टनला दोन्ही पाय गमावून बसला. एका आसनाच्या उघड्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत अपंग चालकांना तोवर मज्जाव होता. त्याच्या आणि त्याच्या पाठीराख्यांच्या खटपटीनंतर तो नियम बदलला. २०१८ मध्ये तो शर्यतीत परतला, आणि २०१९ मध्ये फ्रान्समधल्या पो शहराच्या ओल्या रस्त्यांवर त्याने शर्यत जिंकली.

ही माणसं थोर आहेत, पण हौशी माणसाने त्यांच्याशी आपली तुलना करताना जरा थांबावं. त्यांच्यामागे संघ होता, डॉक्टर होते, अभियंते होते. आणि मुख्य म्हणजे तो त्यांचा पेशा होता. आपल्या हौशी माणसाला परत ये, असं कुणीही म्हणत नाही. ट्रॅकचं त्याच्यावाचून अडत नाही. घरचे तर हात जोडून म्हणतात की नको. परतण्याचं कारण त्याला एकट्याने शोधावं लागतं आणि ते त्याच्या पगारातून भागवावं लागतं.

त्यातच ८ जानेवारी २०२३ची बातमी आली. चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या सलून गाड्यांच्या शर्यतीत के. ई. कुमार हे अनुभवी चालक अपघातात मरण पावले. वय ५९. कच्चे नव्हते, उतावळे नव्हते, मार्शल, रुग्णवाहिका, सगळं जागेवर होतं. भाच्याला तेव्हा एक वर्ष पुरं होत होतं, पट्टा सुटला होता, आणि नव्या हेल्मेटची चौकशी चालू होती. आमच्या घरात त्या रात्री जेवणं झाली नाहीत असं नाही, झाली, पण कुणी बोललं नाही. ट्रॅक सुरक्षित असतो असं सांगणाऱ्याने ही बातमीही सांगायला हवी, म्हणून सांगतो. रस्त्यापेक्षा धोका वेगळ्या जातीचा असतो, नेमका असतो, बराचसा मोजता येतो. संपत नाही.

आता सामानाविषयी थोडं, कारण परतणाऱ्यांची इथे फसगत होते. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की संपलं. आतला फोम चेपला जाऊन धक्का पचवतो, आणि चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. बाहेरून रंगही उडालेला नसेल, तरी ते फुलदाणीच्याच कामाचं. पट्ट्यांचंही तेच, एकदा ताणले गेले की बदलायचे. भाच्याने दुसरी गाडी घेतली ती जुनी, त्यात लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, खांद्यांवरून दोन्ही बाजूंनी येणारा शर्यतीचा पट्टा बसवला. या पट्ट्याने धड घट्ट बांधलं जातं आणि डोकं मात्र मोकळं राहतं. धडकेत हेल्मेटसकट डोकं पुढे जातं आणि कवटीचा तळ तडकू शकतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू अशाच इजेने झाला. त्यावर उपाय निघालेला होता. मिशिगनमधले प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतींचे चालक जिम डाउनिंग, यांनी १९८०च्या दशकातच खांद्यावर बसणारी आणि हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली ‘हान्स’ नावाची कमान तयार केली होती. चालकांना ती अवघडल्यासारखी वाटायची, म्हणून वीस वर्षं बहुतेकांनी नाकारली. फॉर्म्युला वनमध्ये ती २००३ पासून सक्तीची झाली. शर्यतीचा पट्टा घ्यायचा आणि हान्स नंतर बघू म्हणायचं, हा अर्धवटपणा हौशी लोकांत फार दिसतो.

आणि विमा. गाडीच्या पॉलिसीचा कागद काढून वाचा. संघटित शर्यत, वेगाची चाचणी यांसाठी वापर केल्यास विमा लागू नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. ट्रॅकवर मोडलेली गाडी स्वतःच्या खिशातून. भाच्याच्या पहिल्या गाडीचे हप्ते गाडी भंगारात गेल्यावरही चौदा महिने चालू होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तो परत गेला. एकदम नाही. आधी गो-कार्टवर, जिथे वेग कमी पण धक्के मणक्याला कळतात. मग रिकाम्या आवारात नुसते ब्रेक, सरळ रेषेत, शंभर वेळा, पेडल घट्ट लागतंय याची पायाला सवय होईपर्यंत. मग ट्रॅक, पण दुसरा, आणि शेजारच्या आसनावर शिकवणारा. आणि शेवटी ते वळण, मार्च २०२४ मध्ये. मी त्या वेळी सोबत गेलो होतो. आपाने पाठवलं होतं, राखण म्हणून.

हौशी लोकही आता गाडीत एक छोटी डबी लावतात. उपग्रहावरून ती सेकंदाला दहा-पंचवीस वेळा गाडीची जागा आणि वेग टिपते. पाळी संपल्यावर लॅपटॉपवर त्याचा आलेख निघतो: सरळ पट्ट्यावर चढती रेघ, ब्रेक मारला की कडा तुटल्यासारखी उतरती. भाचा घामाने भिजून उतरला आणि म्हणाला, “काही वाटलं नाही मामू. पूर्वीसारखाच मारला.” शिकवणाऱ्याने जुनी रेघ आणि नवी रेघ एकावर एक ठेवली. बाकी सगळ्या वळणांवर दोन्ही जवळजवळ जुळत होत्या. त्या एका वळणावर नवी रेघ पंधरा मीटर अलीकडे खाली वळलेली. आठही फेऱ्यांत. १२०च्या वेगाला पंधरा मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या तोंडाला एक माहीत होतं आणि पायाला दुसरं.

मला वाटलं, आता शिकवणारा याला त्या पंधरा मीटरांवरून पिटाळणार. अशा जागी ‘भीतीवर मात’ वगैरे भाषणं फार ऐकू येतात आणि मला ती आवडत नाहीत. तो गृहस्थ फक्त म्हणाला, “ठेव तसंच. पुढच्या वेळी त्याच जागी मार, पण ठरवून मार.” यामागे विचार आहे. भीतीची जागा टाळत राहिलं की ती वाढते, आणि एका दमात तिच्यावर धावून गेलं की शरीर आखडतं; आखडलेले हात स्टिअरिंग झटक्याने फिरवतात आणि गाडी सुटते. नकळत लवकर मारलेला ब्रेक आणि ठरवून लवकर मारलेला ब्रेक आलेखावर सारखेच दिसतात. पण दुसऱ्यात माणसाची नजर वळणाच्या पुढे जाते, कारण काय होणार ते त्याला ठाऊक असतं. पुढच्या पाळीत रेघ होती तिथेच राहिली, फक्त तिचा कंप गेला. वर्षभराने ती सहा मीटरवर आली होती. कुणी सांगितलं म्हणून आली नाही.

का जातो, हे मी त्याला एकदाच विचारलं होतं, येताना गाडीत, सोलापूरच्या अलीकडे. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, कंपनीत दिवसभर मशीन बंद पडलं की बोलावतात, म्हणजे बिघडलेलंच बघायचं. इथे वीस मिनिटं सगळं नीट चाललेलं असतं आणि ते नीट चालणं माझ्या हातात असतं. मला हे उत्तर पटलं, पुरेसं आहे का, ते सांगता येत नाही. भाचेसुनेला ते पटलेलं नाही. तिने अटी घातल्या आहेत: वर्षात दोनदाच, पाऊस असेल तर उतरायचं नाही, आणि पहिली पाळी झाल्यावर फोन. डोकं दुखलं तर तसंच परत.

आपाला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे अजून माहीत नाही. पण जायच्या आदल्या दिवशी ब्रेक ऑइलची नवी बाटली तिच्यासमोर आणून ठेवावी लागते. चष्मा लावून ती बाटलीवरचा आकडा वाचते, सील आहे ना ते अंगठ्याने चाचपते, आणि अंगणात खुर्ची टाकून शेवटचा थेंब गाडीत जाईपर्यंत बसून राहते.